भरतीच्या वेळची मानस: १:३५ देखाव्याच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

शेवटचा रणगाडा कपाटात ठेवला. आता काही काळ सैनिक नकोत. आजोळच्या मानशीचा छोटा देखावा करायचा आहे, गोव्यातल्या दुर्भाटच्या खाजनातल्या. चारेक वर्षे मनात आहे, पण हात धजत नव्हता.

ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे. जुवारी, मांडवी या नद्यांत समुद्राची भरती खूप आतपर्यंत चढते. काठची सखल, खारफुटीची जमीन बांध घालून नदीपासून तोडली आणि तिथे भात पिकवले, ते खाजन. पोर्तुगीज १५१० मध्ये आले त्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्या, म्हणजे गावांच्या सामाईक संस्था, हे बांध राखत होत्या. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर सांगितली जाते. बांधातून शेताचा ओहोळ जिथे नदीला मिळतो तिथे चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती आणि लाकडी दारे असतात. ती मानस. पावसाळ्यात ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला नदीचे खारे पाणी अडवायचे, हे तिचे काम.

प्रमाण १:३५ ठेवतो. हे आकडे तसे विचित्रच. जपानी तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा त्याचा आकार ठरवला. नंतर मोजले तर ते १:३५ निघाले आणि पुढे सगळ्यांनी तेच उचलले. माझ्या दृष्टीने फायदा एवढाच की या प्रमाणात माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो. हाताच्या बोटांपर्यंतचे काम करता येते, आणि २१ मीटरचा बांध ६० सेंटिमीटरच्या फळीवर मावतो.

पहिला विचार असा: ओहोटी, दारे उघडी, तोंडाशी जाळे लावलेले, मासे, चार माणसे. लहानपणी पाहिलेले सगळे.

६ जून, अमावस्या

मापे घ्यायला दुर्भाटला. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अमावस्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. दुर्भाट नदीत आत असल्याने पाणी त्याहून उशिरा चढते. मी दहालाच जाऊन बसलो. पाऊस नुकताच सुरू झालाय, बांध निसरडा.

टेप आणि बांबूची काठी घेऊन मोजलेले: मानशीचे तोंड १२६ सें.मी. दारांची उंची १७५. दारांच्या फळ्या साधारण साडेसतरा रुंद आणि पाच जाड. बांधाचा माथा १४० रुंद. चिरा ३८ बाय २२ बाय १७. पूर्ण भरतीला उंबऱ्यापासून नदीकडे पाणी १६० आणि आत फक्त ५५.

शेवटचे दोन आकडे मी तीनदा मोजले. बांधाच्या एका बाजूला पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा एक मीटर आणि पाच सेंटिमीटर वर. मी बांधावर बसलो होतो, उजवा हात लांब केला की नदीला लागत होता आणि डावीकडे भाताची जमीन कितीतरी खाली होती. इतकी वर्षे इथे येतो, पण नेहमी ओहोटीला, मासे बघायला. भरतीला इथे कधी थांबलो नव्हतो.

मामा छत्री घेऊन मागून आले. मी विचारले, दारे कोण बंद करतो? म्हणाले, "दार कोणूय धांपिना रे. उदकूच धांपता." (दार कोणी बंद करत नाही, पाणीच करते.) दारे फक्त नदीच्या बाजूला उघडतात. आतले पाणी जास्त झाले की ते दारे ढकलून बाहेर जाते. नदी चढू लागली की तीच दारे परत लोटते आणि ती चौकटीवर दाबून बसतात. पाणी जेवढे चढेल तेवढी घट्ट.

घरी येऊन गणित केले. त्या दोन फळकुटांवर त्या वेळी सुमारे चौदाशे किलोचा दाब होता.

८ जून

ओहोटीचा बेत रद्द. दोन रात्री विचार केला. ओहोटी दिसायला सुंदर आहे, जाळे आहे, माणसे आहेत, हालचाल आहे. पण ओहोटीला मानस म्हणजे एक उघडे दार, बाकी काही कळत नाही. भरतीला काहीच हलत नाही, आणि तरीही सगळे दिसते: वर नदी, खाली भात, मध्ये चिखलाचा बांध आणि लाकूड.

म्हणजे देखाव्याचा सगळा भार पाण्याच्या दोन पातळ्यांवर. १०५ सें.मी. भागिले ३५, बरोबर ३ सें.मी. या तीन सेंटिमीटरमध्ये चूक झाली तर बाकीचे कितीही चांगले केले तरी उपयोग नाही.

काळ: श्रावणातली पौर्णिमा. भात दोन महिन्यांचे, हिरवे, ७० सें.मी. म्हणजे २ सें.मी.

१५ जून

तळाला १८ मि.मी.चे प्लायवूड, ६० बाय ४२. त्यावर दाट निळ्या फोमचे थर. थर्मोकोल वापरत नाही, कापला की दाणे दिसतात आणि चिखलाच्या जागी ते दाणे शेवटपर्यंत छळतात. बांध ब्लेडने कोरला. समोरची बाजू सरळ उभी कापून ठेवली आहे, केक कापतो तशी, म्हणजे पाहणाऱ्याला नदी, बांध आणि शेत यांचा छेद दिसेल.

नदीचा तळ मुद्दाम वर घेतला. पावसाळ्यातली जुवारी गढूळ, तिच्यात वीतभर खालचेही दिसत नाही. मग पाणी म्हणून ओतायच्या पारदर्शक रेझिनची खोली कशाला वाया घालवायची? सहा मिलिमीटर पुरे.

२३ जून

चिरे. एक चिरा १०.९ बाय ६.३ बाय ४.९ मि.मी. आठवडाभर रोज रात्री कापतोय, २४० झाले.

जांभ्याची भोके हा या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग. अॅल्युमिनियमची फॉईल चुरगळून गोळा करायचा आणि तो फोमवर दाबत फिरवायचा. मग तारेच्या ब्रशने हलके टोचायचे. प्रत्येक चिरा वेगळा टोचावा लागतो, एका हाताने एका लयीत केले की भिंत छापील कापडासारखी दिसते. मी वीस चिरे झाले की हात बदलतो.

रंगाला बर्न्ट सिएना आणि थोडा पिवळा. पाण्याच्या पातळीखालचा चिरा मात्र लाल ठेवायचा नाही. कंपाउंडच्या भिंतीचा पावसात भिजलेला चिरा आणून शेजारी ठेवला: काळपट तपकिरी, भोकांत शेवाळ. रॉ अंबर आणि काळा पातळ करून, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून सोडला. साबणामुळे रंग भोकांत उतरतो, वर डबके करून बसत नाही.

७ जुलै

दारे. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या दीड मि.मी.पर्यंत घासल्या, पाच मि.मी. रुंद कापल्या. मागे काड्यापेटीच्या काड्यांचे आडवे पट्टे. बिजागरी म्हणजे वर आणि खाली पितळी तारेची टोके, चिऱ्यांतल्या भोकांत फिरणारी.

देखाव्यात दारे बंदच चिकटवायची आहेत. तरी ती खरी फिरतात का हे बघितल्याशिवाय चैन पडेना. टाकून दिलेल्या काड्यांची दुसरी जोडी केली, प्लास्टिकच्या टबात मधोमध फोमची भिंत उभी करून कडा मेणाने बुजवल्या, आणि एका बाजूला तांब्याने पाणी ओतू लागलो. सुरुवातीला दारे नुसती डुलली. मग पाणी दोन बोटे चढले आणि दोन्ही एकदम मिटली. फटीतून बारीक धार येत राहिली, तशी ती दुर्भाटलाही येते. बायकोला हाक मारली, मुलीला झोपेतून उठवले. मुलीने सात-आठ वेळा ओतायला लावले.

टब आठवडाभर तसाच ठेवला होता.

२१ जुलै

बांधाचा चिखल. खरा बांध चिखल, पेंढा आणि दगडांचा असतो, नदीकडून चिरे लावलेले. इथे गणपती करणाऱ्यांकडची चिकणमाती चाळून त्यात पांढरा गोंद आणि बारीक कापलेला काथ्या. नुसती माती वाळताना तडकते. काथ्याने धरून राहिली. समोरच्या छेदात पेंढा दिसावा म्हणून तिथे काथ्याची टोके बाहेर ठेवली.

बाहेर नदीकडे खारफुटी. कांदळाची मुळे फांद्यांतून कमानीसारखी चिखलात उतरतात, तिवराची जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात. कांदळ विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून केले. तिवराच्या मुळांना जाड ब्रशचे केस, प्रत्येक सुईने भोक पाडून उभा केलेला. चारशे तीस भोके. पाने अजून व्हायची आहेत.

२८ जुलै

मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत चिऱ्यांची भिंत पांढरी पडली. दमट हवेत स्प्रेमधले द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यात अडकते. हे ठाऊक असून मुसळधार पावसात स्प्रे मारला. ब्रशने चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिला, धुके बरेचसे गेले. यापुढे दिवाळीपर्यंत स्प्रे नाही.

४ ऑगस्ट

भात. सुतळी दोन सेंटिमीटरवर कापून, हिरव्या रंगात उकळून, वाळवून, तीन-चार धागे एका बुडख्यात चिकटवायचे. अशा रीतीने एक चूड. आजवर अकराशे. चिमट्याने लावतो, ओळीत, पाच मि.मी.वर एक.

१५ ऑगस्ट

मामा घरी आले होते. वाकून बराच वेळ बघत राहिले. चिऱ्यांना हात लावून पाहिला. मग भाताकडे बोट करून म्हणाले, "ही लावणी खंयची?" (कुठली?)

आमच्या खाजनात लावणी करत नाहीत. मे महिन्यात जमीन खारट असते, वर मिठाचा पांढरा थर दिसतो. जूनचे पहिले पाऊस ते मीठ धुऊन काढतात, ते पाणी मानशीतून बाहेर जाते, आणि मग मोड आलेले बी चिखलात फेकतात. कोरगूट जातीचा भात. खार सोसणारा, उंच वाढणारा. त्यामुळे शेतात ओळ नसते. कुठे दाट, कुठे विरळ, बांधाच्या कडेला जिथे खार झिरपतो तिथे पिवळट आणि खुजे.

अकराशे चुडांपैकी नऊशे उपटून परत लावायच्या. मला वाईट वाटले नाही. ही गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती, आजीला मी स्वतः बी फेकताना पाहिले आहे.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

पुन्हा दुर्भाट, पाण्याच्या रंगासाठी. रंगाच्या बाटल्या आणि पांढरे कार्ड सोबत. नदी दुधाळ चहासारखी, पण ढग बाजूला झाले की वरून राखाडी. आतले पाणी शांत, हिरवट काळे, त्यात आकाश स्वच्छ दिसते. दोन पातळ्या आणि दोन रंगही.

२५ ऑगस्ट

रेझिनच्या चाचण्या. बाटलीच्या झाकणांत ओतलेले सहापैकी चार नमुने वरून धुरकट आणि चिकट. कारण तेच, दमट हवा. जुन्या लाकडी कपाटात चाळीस वॉटचा बल्ब लावून ठेवला (कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून आमच्याकडे असे करतातच). बाहेर आर्द्रता ८९ टक्के, कपाटात ५७. त्यात ठेवलेले नमुने काचेसारखे निघाले. मधला कप्पा काढून टाकला, देखावा जेमतेम आत जातो.

१ सप्टेंबर

रात्री नऊला नदीचा पहिला थर ओतला, तीन मि.मी. रेझिन आणि ते घट्ट करणारे द्रावण, दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजून, हळू ढवळून, मातकट रंगाचे तीन थेंब. समोर आणि बाजूंना अॅक्रिलिकच्या पट्ट्या लावून सीलबंद केल्या. बुडबुड्यांवरून लायटरची ज्योत फिरवली. कपाट लावून झोपलो.

२ सप्टेंबर

पहाटे पाचला कपाट उघडले. नदीत पाणी कमी, शेतात चकाकी.

बांधाखालून गळाले. तिवराच्या मुळांसाठी पाडलेल्या भोकांपैकी काही फोमच्या दोन थरांच्या सांध्यापर्यंत गेली होती. रेझिन त्या सांध्यातून बांध ओलांडून तीन सेंटिमीटर खाली शेतात उतरले. मानशीच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा तुकडा, सुमारे साठ चौरस सेंटिमीटर, भाताच्या मुळाशी घट्ट झाला आहे.

खरा बांधही असाच जातो. खेकडे बिळे पाडतात, बीळ आरपार गेले की आधी बोटभर धार येते, आणि दोन-तीन उधाणे दुर्लक्ष झाले की भगदाड. मी आठवीत असताना आजीच्या शेतापाशी हेच झाले. माणसे रात्रभर चिखल आणि माडाच्या झावळ्या टाकत होती. ते शेत त्या वर्षी गेले. पुढच्या वर्षी पेरले, उगवले नाही. आज तिथे तिवर आहेत, माणसापेक्षा उंच.

कामावर गेलो, लक्ष लागले नाही.

५ सप्टेंबर

बाधित तुकडा मुळापासून कापून काढला. सांधा नदीकडून एपॉक्सी पुट्टीने बुजवला, प्रत्येक मुळाच्या बुडाशी गोंदाचा थेंब. परवा चतुर्थी. हॉलमधले टेबल माटोळीखाली (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) जाणार, तेव्हा देखावा बल्बच्या कपाटात, बल्ब चालू.

१९ सप्टेंबर

गणपती झाले. नदीचे दोन थर, आतल्या पाण्याचा एक थर. गळती नाही. नदीवर चकचकीत जेलने बारीक लाटा, बांधाला समांतर. आतले पाणी तसेच सपाट ठेवले.

मोजले: २९.५ मि.मी. अर्धा मिलिमीटर कमी. चालेल.

२९ सप्टेंबर

कापून काढलेल्या जागी भात परत लावले, पण तिथे थोडे विरळ आणि पिवळट ठेवले आहे.

माणूस एकच. तारेच्या सांगाड्यावर एम-सील, ४१ मि.मी., कारण वाकलेला आहे. बांधाच्या उतारावर उकिडवा बसून उजवा हात कोपरापर्यंत खेकड्याच्या बिळात, डाव्या हातात चिखलाचा गोळा. आधी तो नदीकडे बघत होता. मान फिरवून बिळाकडे वळवली. असे काम करणारा माणूस नदीकडे बघत नाही. पाठीचा कणा आणि खांद्याचे हाड यांवर तीन रात्री गेल्या. चेहरा जवळजवळ दिसत नाही.

एक बगळा, १७ मि.मी., शेताच्या कडेला. आणखी पक्षी घालण्याचा मोह आवरला.

६ ऑक्टोबर

मावशीने विचारले, बांधावर माड कसा नाही? बरोबर आहे, बांधावर माड असतातच. पण पंधरा मीटरचा माड इथे ४३ सें.मी. होतो, मग सगळे त्याच्याकडेच बघणार. चार मीटरचे कोवळे झाड केले, साडेअकरा सेंटिमीटर. पाती कागदाची, प्रत्येक झावळीला मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंनी कातरलेली. नऊ झावळ्या, सहा संध्याकाळी.

२० ऑक्टोबर

देखावा गाडीच्या मागच्या सीटवर, दोन उशांमध्ये, दुर्भाटला नेला. मामांच्या पडवीत टेबलावर ठेवला. शेजारची चार माणसे आली. एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी मानशीचे राखणदार, यांनी चष्मा लावून आधी पाणी पाहिले, मग दारे, मग त्या माणसाचा बिळातला हात. बिळावर बोट ठेवून त्यांनी मामांकडे पाहिले. दोघांनी मान हलवली. बिळाची जागा बरोबर आहे, दाराजवळ उजव्या अंगालाच ती नेहमी होतात.

मग मामांनी चिऱ्यांवरची शेवाळाची रेघ दाखवली. पाणी रोज जिथवर चढते तिथवर भिंत काळी असते. मी ती घरातल्या जुन्या फोटोवरून काढली होती, माझ्या मुंजीच्या वर्षीचा फोटो. मामा म्हणाले, आता ती तिथे नाही. आम्ही दोघे चालत मानशीवर गेलो. ओहोटी होती, भिंत उघडी. मामांनी जुनी रेघ बोटाने दाखवली, आणि नवी. टेप लावला. एकवीस सेंटिमीटर.

रात्री घरी आल्यावर रॉ अंबर आणि काळा मिसळला, साबणाचा थेंब टाकला, आणि रेघ सहा मिलिमीटर वर नेली.